'नळी' : शरीर, शल्यतंत्र आणि बंदूक

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. शब्द हेही इतिहासाचे साधन होय, ही त्यांची भूमिका खानदेशातील अभ्यासकांना सुपरिचित आहे. हे साधन किती जपून हाताळावे लागते, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात 'नळी' हा शब्द विचारार्थ घेतला आहे.

संस्कृतातील 'नड' वा 'नल' म्हणजे बोरूच्या जातीचे पोकळ गवत. नळ, नळी, नाडी, नाळ ही सारी त्याचीच संतती. सुश्रुतसंहितेत अस्थींचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी लांब अस्थींना 'नलक' म्हटले आहे. त्याच ग्रंथातील १०१ यंत्रांत २० नाडीयंत्रे आहेत. ती पोकळ असून शरीराच्या मार्गात अडकलेले शल्य काढणे, आतील रोग पाहणे, चूषण करणे अशा कामी येत. खोल, अरुंद वाटेने वाहणारा व्रण तो 'नाडीव्रण'. आज मटणाच्या दुकानात 'नळी' मागणारे आपले गिऱ्हाईक नकळत या जुन्याच परिभाषेत बोलत असते!

बंदूक फार उशिरा आली. 'बंदूक' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला, 'तोफ' तुर्कीतून. मात्र गोळी जिच्यातून सुटते त्या भागास मराठीने आपला जुनाच शब्द दिला. युरोपातही हेच घडले. लॅटिन 'कॅना' म्हणजे बोरू. शस्त्रक्रियेतील 'कॅन्युला' आणि युद्धातील 'कॅनन' हे दोन्ही शब्द त्यातूनच निघाले. येथे कोणी कोणाची उसनवारी केलेली नाही. पोकळ वस्तू दिसली की माणसाला बोरू आठवतो, इतकेच.

हे ध्यानी न घेतल्यास काय होते? गुस्ताव ओपर्ट यांनी १८८० मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शुक्रनीतीतील 'नालिक' शब्दाच्या आधारे प्राचीन भारतात बंदुका होत्या असे प्रतिपादन केले. वस्तुतः महाभारतातील 'नालीक' हा बाणाचा प्रकार आहे, आणि शुक्रनीतीचा उपलब्ध पाठ अनेक अभ्यासकांनी बराच अर्वाचीन मानला आहे. तरीही हा दावा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून आजही डोकावतो. तो हसण्यावारी नेणे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही, कारण विद्यार्थ्याने शब्द खरोखरच शोधलेला असतो. चूक पुढच्या पायरीवर होते. शब्द सापडला म्हणजे वस्तू सापडली, असे तो धरून चालतो. अशा वेळी त्याला लोहाराकडे न्यावे. तापलेली लोखंडी पट्टी गजाभोवती वळवून, ठोकून, सांधून बंदुकीची नळी घडविली जाई; शिवाय सोरा, गंधक व कोळसा यांची दारू लागे. त्या भट्टीचा आणि त्या सोऱ्याचा पुरावा कोणत्या शतकात मिळतो, हे त्याने उत्खननांच्या अहवालांत आणि तोफखान्याच्या जमाखर्चात शोधावे.