पुढे ढकलायची गोळी

गणपतीच्या आदल्या आठवड्यात ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये दहा मिनिटं उभं राहावं. गेल्या वर्षी वाघबीळजवळच्या एका दुकानात मी खोकल्याच्या औषधासाठी थांबले होते. पुढच्या बाईने पॅडचं पाकीट मागितलं. दुकानातल्या पोराने ते न सांगताच वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि वर काळ्या पिशवीत घातलं. तिच्या मागची म्हणाली, "ती पुढे ढकलायची गोळी द्या." "किती दिवस?" "गौरी जाईपर्यंत." ही पट्टी मात्र त्याने तशीच, उघडी, काउंटरवर सरकवली.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या टॉवरमध्ये, ऑफिसात, आणि हल्ली दिवाळी अंकांतही ऐकू येणारं एक वाक्य : "आता कोण पाळतं हो हे सगळं?" विटाळ, शिवाशिव, कावळा शिवणं या आजीच्या गोष्टी झाल्या, त्यावर लेख लिहिणं म्हणजे मेलेल्या सापाला झोडपणं, असं म्हणणारी माणसं मागासलेली नाहीत. उलट चांगली शिकलेली आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

त्यांची बाजू लेचीपेची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 24 वयोगटातल्या, पाळीत स्वच्छ साधनं वापरणाऱ्या मुलींचं प्रमाण चौथ्या फेरीत 57.6 टक्के होतं, ते पाचव्या फेरीत 77.3 टक्क्यांवर गेलं. जुलै 2018 मध्ये पॅडवरचा जीएसटी गेला. जानेवारी 2022 मध्ये आपल्याच वागळे इस्टेटच्या शांतीनगर वस्तीत, सार्वजनिक शौचालयात, पाळीच्या दिवसांसाठी वेगळी खोली झाली. महापालिका आणि एका स्वयंसेवी संस्थेने मिळून केलेलं ते काम खरोखर कौतुकाचं. आणि शेवटचा हुकमी एक्का : "वन बीएचकेमध्ये बाजूला बसायला बाजू आहे कुठे?"

हा एक्का मला फार आवडतो, कारण तो त्यांच्यावरच उलटतो. बाजू नाही म्हणून बाई बाजूला बसत नाही; म्हणजे कोपरा गेला तो बिल्डरच्या कृपेने. घरातल्यांची समजूत बदलली असती तर दोन खोल्या जास्तीच्या असत्या तरी फरक पडला नसता. टक्केवारीचंही तेच. पाहणी साधन कोणतं ते मोजते. ते साधन वापरणारी त्या दिवशी देवापुढे दिवा लावते का, लोणच्याच्या बरणीला हात लावते का, हे त्या तक्त्यात येणार कुठून? पॅड आणि विटाळ एकाच कपाटात सुखाने नांदतात.

आता गोळी. तिचं नाव नॉरएथिस्टेरॉन. पाळीच्या अपेक्षित तारखेआधी तीनेक दिवस सुरू करायची, साधारण दिवसातून तीनदा. थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. हे संप्रेरक आहे, डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असेल तर घेऊच नये. प्रवास, परीक्षा, लग्न यांसाठीही ती घेतली जाते, हे मान्य. पण गौरी जाईपर्यंत? जिथे कुणी काही पाळत नाही तिथे ही कशासाठी गिळायची? पूर्वी बाई तीन दिवस घराच्या कडेला जायची. आता ती जागची हलत नाही, पाळीच हलवते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, प्रथा संपली.

यावर दोन ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, "ती विश्रांती होती." ज्या बाईला चुलीपासून दूर ठेवून गोधड्या धुवायला आणि शेतात निंदायला पाठवत, तिला हे सांगून पाहावं. दुसरं जरा विद्वत्तेचं : "पाणी कमी, साधनं नाहीत, म्हणून स्वच्छतेसाठी पूर्वजांनी नियम केले." पण पूर्वजांनी स्वतः दिलेलं कारण वेगळंच आहे. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात इंद्र विश्वरूपाला मारतो. ब्रह्महत्येचं ते पाप पृथ्वी, झाडं आणि स्त्रिया, प्रत्येकी एक तृतीयांश, वर मागून वाटून घेतात. स्त्रियांच्या वाट्याचं पाप रजस्वलेच्या रूपात दिसतं, म्हणून तिच्याशी बोलू नये, तिचं अन्न खाऊ नये. पाण्याच्या टंचाईचा इथे संबंधच नाही. गंमत पुढे आहे. झाडांच्या वाट्याचं पाप चीक होऊन बाहेर येतं, म्हणून लाल डिंक खाऊ नये, असंही तिथेच सांगितलंय. आपण बाळंतिणीला डिंकाचे लाडू चवीने चारतो. झाडाचं पाप केव्हाच माफ झालं.

पाळी म्हणजे पाप नव्हे, हे परंपरेला सुचलंच नव्हतं, असंही नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी पाळीला शरीराच्या इतर स्रावांच्याच रांगेत बसवलं. चौदाव्या शतकात सोयराबाईंनी विटाळाशिवाय जन्मलेला देह कुठला, असं थेट विठ्ठलाच्या दारात विचारलं. तेव्हा "आमची संस्कृती" म्हणताना कुणाची, तेही सांगावं.

राहिला "ज्याची त्याची श्रद्धा" हा मुद्दा. श्रद्धा खासगी असते तोवर माझी तक्रार नाही. पण तिच्याभोवतीचं मौन खासगी राहत नाही. मे 2023 मध्ये उल्हासनगरात बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवरचे पाळीचे डाग पाहून सख्ख्या भावाने भलताच संशय घेतला आणि तिला मरेस्तोवर मारलं. डाग कसले ते तिला सांगता आलं नाही, आणि त्याला कुणी कधी शिकवलं नव्हतं. जुलै 2025 मध्ये शहापूर तालुक्यात एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, तर पाचवी ते दहावीच्या मुलींना गोळा करून कुणाची पाळी चालू आहे याची झडती घेतली गेली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. दोन्ही ठिकाणं ठाणे जिल्ह्यातली. पहिलं अज्ञानाच्या खात्यात टाकाल, पण दुसऱ्याचं काय? तिथे तर पदवीधर होते. ही टोकाची उदाहरणं आहेत, असं कुणी म्हणेल. आहेतच. पण ज्या काळ्या पिशवीत पॅड जातं, तिच्यातच ते घर आणि ती शाळा दोन्ही कोंडलेली असतात.

आमच्या सोसायटीच्या गणपतीला नैवेद्याची पाळी (हा शब्दही कसा!) व्हॉट्सॲपवर ठरते. कुणीतरी लिहितं, "मंगळवारी मला जमणार नाही, तब्येत." लगेच तीन जणी अंगठे दाखवतात आणि वार बदलतो. कारण कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. पुरुषांनाही.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीने ऋषीच्या भाजीचा डबा आणून दिला. अळू, सुरण, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे. बैलाच्या कष्टाचं काही नाही. ऋषिपंचमीचं हे व्रत रजोदोषाच्या प्रायश्चित्ताचं. कहाणीतली बाई पाळीत भांड्यांना शिवली म्हणून पुढच्या जन्मी कुत्री होते, आणि तिच्या संसर्गाने नवरा बैल. टंचाईचं प्रायश्चित्त कुणी घेत नसतं, पापाचं घेतात.

भाजी फक्कड झाली होती. शेजारीण बँकेत अधिकारी आहे, आणि ती पट्टी तिनेही घेतली होती, हे तिनेच मला सांगितलं होतं. मी विचारलं, "दोष घडू नये म्हणून गोळी घेतलीस ना? मग व्रत कशासाठी?"

"अगं, ते मागच्या अकरा महिन्यांचं," ती म्हणाली, आणि डबा परत द्यायची घाई नाही असं सांगून लिफ्टकडे गेली.