एक दिवस, दोन सण

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मला प्रथम संकोचच वाटला. मी काही लेखिका नव्हे. परंतु एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, ती भगिनींपुढे मांडते.

काही वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाची वेळ ठरवण्यासाठी आमची बैठक भरली होती. सकाळी आठ ही वेळ बहुतेकींना पसंत पडली. तेव्हा एक ख्रिस्ती सभासद भगिनी हळूच म्हणाल्या, "त्या वेळी आम्हांला चर्चमध्ये असावं लागतं." मी पटकन बोलून गेले, "अहो, पण हा तर देशाचा सण!" त्या गप्प राहिल्या. निघताना मात्र म्हणाल्या, "ताई, यंदा तुम्हीच आमच्याकडे या."

मी गेले. दादरचे पोर्तुगीज चर्च आपणां सर्वांच्या नित्य पाहण्यातले. त्याची स्थापना १५९६ सालची. आजची इमारत चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे १९७० च्या दशकात उभी राहिली. इतकी वर्षे मी त्याचा उपयोग केवळ बसथांब्याची खूण म्हणून केला होता!

तिथे कळले, की १५ ऑगस्ट हा कॅथलिकांचा शतकानुशतकांचा सण आहे. मरियामातेला देहासह स्वर्गात घेतले गेले, अशी त्यांची श्रद्धा. स्वातंत्र्यासाठी हीच तारीख माउंटबॅटनसाहेबांनी निवडली ती निराळ्या कारणाने. १९४५ साली त्याच दिवशी जपानने शरणागती पत्करली होती. असे दोन सण १९४७ साली योगायोगाने एका दिवशी आले.

परंतु ख्रिस्ती समाजाचे स्वातंत्र्याशी असलेले नाते मात्र योगायोगाचे नव्हे. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा हे लोकमान्यांचे स्नेही आणि कायदेपंडित. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग निघाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते. पुढे ते मुंबईचे महापौर झाले. परळ-लालबागच्या गिरणगावाने त्यांचे स्मरण ठेवायला हवे. तसेच रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण मराठी आणि मायदेश सोडला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी कितीजणींनी डोळे पुसत वाचली असतील!

त्या सकाळी मिस्सा संपली आणि सारी मंडळी बाहेर आवारात आली. पाऊस भुरभुरत होता. म्हाताऱ्या बायका भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या, मुलांनी रांगा धरल्या. तिरंगा वर गेला आणि राष्ट्रगीत सुरू झाले. माझ्या शेजारच्या आजीबाईंच्या हातात जपमाळ होती. ती तशीच मुठीत धरून त्या ताठ उभ्या होत्या. मला माझेच वाक्य आठवले आणि मान खाली गेली. देशाचा सण त्यांना शिकवायला मी कोण?

पुढच्या बैठकीत मीच सूचना मांडली, की आपले झेंडावंदन साडेनवाला करावे. एकदोघींनी कुरकुर केली. ऊन चढेल, स्वयंपाक खोळंबेल. पण ठराव झाला. त्या वर्षी आमच्या ख्रिस्ती भगिनी मिस्सा आटोपून आल्या, सोबत घरी तळलेले फुगे घेऊन. आमच्या शिऱ्याशेजारी ते मांडले गेले आणि आधी तेच संपले!

भगिनींनो, मंडळ म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी हा दीड तास सांगेन. वेळ थोडी मागेपुढे केली, एवढेच. पण तेवढ्याने एका मैत्रिणीला दोन सणांतून एक निवडावा लागला नाही.