तुंब्याची पत

इतिहासाची पुस्तकं राजाला मान देतात, फार तर त्याच्या घोड्याला. चाकाच्या शोधावर मुलांकडून दोन मार्कांचं उत्तरही लिहून घेतात. पण चाकाच्या मधोमध बसून सगळ्यांचा भार वाहणारा जो तुंबा, त्याचं नाव कुठल्याच सनावळीत नाही. मी पडलो बी.कॉम. आणि त्यातून बँकेतला कारकून. अशा प्राण्याबद्दल मला आपुलकी वाटणारच.

बैलगाडीच्या तुंब्याचं बरं होतं. भार सोसायचा, वंगण खायचं. ओढायला बैल होते. मोटारट्रक आले तरी पुढच्या चाकाची नोकरी सुखाचीच होती. वजन घ्यायचं आणि साहेब वळवतील तिकडे वळायचं. १९०८ साली हे सुख संपलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावच्या ऑटो झॅखो आणि विल्यम बेसर्डिक या मेहुण्या-मेहुण्यांनी पुढचं चाक वळता वळता ओढेलसुद्धा, अशा सांध्याचं पेटंट घेतलं. (दोन मेहुणे एकत्र आले की तिसऱ्या कुणाचं तरी काम वाढतं.) त्यांच्या कंपनीचे तीनटनी ट्रक पहिल्या महायुद्धात चिखल तुडवत हजारोंनी फिरले. तुंब्याचा पगार तोच, काम तिप्पट!

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्येही हीच व्यवस्था आली. तुंबा, म्हणजे गॅरेजातला हब, एका पोकळ नळीवर दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांच्या आधारानं फिरतो. हेन्री टिमकेन या बग्ग्या बांधणाऱ्या गृहस्थांनी या जातीच्या बेअरिंगचं पेटंट १८९८ सालीच घेतलं होतं. नळीच्या आतून अ‍ॅक्सल येतो आणि टोकाच्या चकतीतून सहा बोल्टांनी हबला जोडला जातो. बोल्ट घट्ट असले तर दोन पृष्ठभाग एकमेकांना आवळून धरतात आणि घर्षणच जोर पेलतं. एक जरी ढिला पडला की जोर बोल्टांच्या मानेवर येतो, आणि मग ते सुरीनं भेंडी कापावी तसे कापले जातात.

युद्ध संपल्यावर या जीपा शेतकऱ्यांकडे आल्या. डांबरी रस्त्यावर पुढचा अ‍ॅक्सल उगाचच फिरायचा, झिजायचा आणि पेट्रोल प्यायचा. १९४८ साली आर्थर वॉर्न यांनी हातानं जोडता-सोडता येणारे हब विकायला काढले. म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलला हक्काची रजा मिळाली! त्याच सुमाराला मुंबईत महिंद्रांनी जीपा जुळवायला घेतल्या आणि हा सगळा संसार आपल्या घाटांत आला.

सह्याद्रीच्या कुशीतल्या एका शाखेत मी होतो, तेव्हा आमचे एक कर्जदार जुन्या जीपमधून दूध आणि वेळप्रसंगी बाळंतीण खाली आणत. त्यांना सगळे आबा म्हणत. एका पावसाळ्यात दगडात चाक अडकलं आणि सहाही बोल्ट तुटले. चाक निघालं नाही, कारण ते बेअरिंगांवर असतं, बोल्टांवर नव्हे. आबा मागच्या चाकांवर रडतखडत घरी पोचले. मिस्त्रीनं तुटलेले तुकडे काढले, भोकं मोठी केली, जाड पोलादी स्टड घातले, वर दोन पिनाही ठोकल्या. "आबा, आता रणगाडा झाला!" म्हणाला.

रणगाड्याचा हब खरंच तुटला नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच दगडावर जोर हबमधून मागे सरकला आणि डिफरन्शिअलचे दात घेऊन गेला. आमच्या भाषेत, ऋणकोला इतका भक्कम केला की वसुली जामीनदाराकडे गेली. बोल्टांना चहा-भज्यांइतका खर्च आला होता, दातांना तीन हप्ते लागले. महिनाभर दूध डोक्यावरून उतरलं. एका बाईला झोळीतून खाली आणावं लागलं. ती आणि बाळ सुखरूप, पण त्या रात्रीबद्दल आबा बोलत नाहीत.

नंतर त्यांनी नवा हब बसवला, मूळ मापाचे साधे बोल्ट लावले आणि दर आठवड्याला पाना फिरवायचा नेम धरला. कर्जाचं नूतनीकरण करायला आले, तेव्हा मी नियमाप्रमाणे विचारलं, "आबा, जादा तारण काय देता?"

त्यांनी पिशवीतून तंबाखूची पत्र्याची डबी काढून टेबलावर ठेवली. आत सहा बोल्ट होते, वंगण लावून कागदात गुंडाळलेले.

"गाडीत दुसरी डबी हाय," आबा म्हणाले. "ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."