डोक्यावर काहीच नव्हते तेव्हा : ब्रिजटाउन, १९६२

१/९
मार्च १९६२. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर आलेला भारतीय संघ ब्रिजटाउन येथे बार्बाडोसविरुद्ध खेळत होता. कर्णधार नरी काँट्रॅक्टर फलंदाजी करत असताना वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू त्यांच्या उजव्या कानाच्या वर आदळला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्या काळी ते कोणत्याच फलंदाजाच्या डोक्यावर नसे.

२/९
काँट्रॅक्टर स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर आले. मार वरवरचा असावा, असे कोणालाही वाटले असते. मात्र लवकरच नाकाकानांतून रक्त येऊ लागले आणि रुग्णालयात त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळली.

३/९
हा फसवेपणा मेंदूच्या दुखापतीत कधीकधी आढळतो. कवटी म्हणजे हाडांची बंद पेटी. आत रक्तस्राव झाला, तर साकळलेल्या रक्ताला बाहेर वाट नसते. त्याचा दाब मेंदूवर पडतो. म्हणूनच चालता-बोलता माणूस काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. अशा वेळी कवटी उघडून दाब कमी करणे हाच उपाय, आणि तोही वेळेत.

४/९
काँट्रॅक्टर यांच्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल अग्रभागी होते. त्यांच्यासोबत सोलापूरचे पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे आणि नाशिकचे बापू नाडकर्णी यांनीही रक्त दिले. सहा दिवस बेशुद्ध राहून काँट्रॅक्टर वाचले. पुढे त्यांच्या कवटीत धातूची पट्टी बसवावी लागली. वय अवघे २८ वर्षे. पण ३१ कसोटींनंतर ते पुन्हा कधीही कसोटी खेळले नाहीत.

५/९
तोवर उपाय अज्ञात होता का? मुळीच नाही. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ख्यात असलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकल अपघातानंतर सहा दिवस बेशुद्ध राहून निवर्तले. त्यांच्या उपचारांत सहभागी असलेले शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि शिरस्त्राण जीव वाचवते, हे १९४१ मध्ये मांडले.

६/९
क्रिकेटला मात्र हे पटण्यास बराच काळ लागला. उघड्या डोक्याने खेळणे हे शौर्याचे लक्षण मानले जाई. १९७७ च्या सुमारास डेनिस एमिस यांनी मोटारसायकलस्वारासारखे हेल्मेट घालून फलंदाजी केली. मार्च १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यॅलप कसोटीत शिरस्त्राण घालून उतरले, तेही ब्रिजटाउनमध्येच! मधे १६ वर्षे लोटली होती.

७/९
मुंबईचे सुनील गावसकर तरीही उघड्या डोक्यानेच खेळत राहिले. १९८३ मध्ये जॉर्जटाउन कसोटीत माल्कम मार्शल यांचा चेंडू त्यांच्या डोक्याला लागला. तरी त्यांनी नाबाद १४७ धावा केल्या. ही खेळी आजही अभिमानाने सांगितली जाते. पुढे मात्र गावसकर यांनीही टोपीखाली कवटीचे रक्षण करणारे कवच वापरले, ही गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही.

८/९
शिरस्त्राणाचे बाहेरचे कठीण कवच आघात पसरवते. आतला थर दबून त्याचा जोर कमी करतो. तरीही कवटीच्या आत मेंदू हिंदकळू शकतो, आणि ही इजा बाहेरून दिसत नाही. हे उमगल्यामुळेच २०१९ पासून डोक्याला मार बसून अस्वस्थ झालेल्या खेळाडूच्या जागी कसोटीत बदली खेळाडू घेता येतो.

९/९
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीस्वाराला शिरस्त्राण बंधनकारक आहे. परभणी जिल्ह्यातील बोरीहून जिंतूरला दुचाकीने निघालेल्या तरुणालाही हेच लागू पडते. हँडलला अडकवलेले हेल्मेट कवटीचे रक्षण करत नाही. आणि अपघातानंतर कोणी उठून ‘मला काही झाले नाही’ म्हणाला, तरी उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा नाकाकानांतून रक्त दिसताच त्याला रुग्णालयात न्यावे. काँट्रॅक्टर हेही मैदानातून चालतच बाहेर आले होते.