अस्मिता कुणाची? नामांतराच्या वादातले न बोललेले वाक्य

१४ जानेवारी जवळ आली की बीडमध्ये आपले फ्लेक्स लागतात. एकावर ‘नामांतर दिन’, दुसऱ्यावर ‘नामविस्तार दिन’. अभ्यासवर्गात एका पोराने विचारले, “दादा, दोन्ही एकच ना?” एकच नाही, मित्रांनो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. याला आजही लोक ‘दंगल’ म्हणतात. दंगलीत दोन बाजू भिडतात. इथे एक बाजू जाळत होती आणि दुसरी जळत होती.

पण खरे काम केले ते ‘अस्मिता’ या शब्दाने. विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखी निजामाविरुद्ध लढलेली माणसे होती. जातीचे नाव घेऊन ती बोलत नव्हती. म्हणणे एवढेच, की ‘मराठवाडा’ हे नाव मुक्तिसंग्रामाची आठवण आहे, ते पुसले तर प्रदेशाची अस्मिता दुखावते. ऐकायला रास्त वाटते. आता यातले न बोललेले वाक्य शोधा. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, तेव्हा विद्यापीठ जन्मालाही आले नव्हते. मराठवाड्यातला दलित मराठवाड्याचाच असेल, तर त्याच्या बापाच्या नावाने मराठवाडा दुखावेल कसा? दुखावतो, कारण ‘मराठवाडा’ म्हणताना आपण मोजणीत धरलेलोच नसतो. हे वाक्य उघड बोलले असते तर सभेत कुणी टाळी दिली नसती. न बोलल्यामुळेच ते पटले, आणि त्याच्या आडोशाला गावागावात जात मोकळी सुटली.

पुढे १९७९ चा लाँग मार्च झाला, १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले, आणि १४ जानेवारी १९९४ ला तोडगा निघाला तो ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा. म्हणजे विस्तार. लढा नामांतराचा, मिळाला नामविस्तार. माझे मत असे की दिवसाला ‘नामविस्तार’च म्हणावे. त्या शब्दात तडजोड दिसते, ती झाकू नये. लढ्याला मात्र नामांतरच म्हणा. (आणि ‘बामू’ म्हणणे सोडा. ज्या नावासाठी माणसे मेली ते आपणच दोन अक्षरांत गिळतो.)

गेल्या एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका गावी जयंतीच्या मिरवणुकीवर बैठक होती. “वेशीतून नेली तर गावाची शांतता बिघडेल,” एक जाणते गृहस्थ म्हणाले, अगदी गोड आवाजात. बारावीतली एक पोरगी उठली. “काका, गाव म्हणजे कोण कोण? आम्ही धरून सांगा.”

काका काही बोलले नाहीत. कुणीतरी चहा मागवला.