पंचाहत्तर रुपयांची माणसं

आमच्या हुबळीच्या विद्यानगरातून जुना पुणे-बेंगळूर रस्ता जातो. संध्याकाळी भूमरड्डी इंजिनिअरिंग कॉलेजाच्या कुंपणाकडेनं आम्हाला फिरायला नेताना आजोबा म्हणत, "कॉलेज 1947 चं, पण पाया फर्ग्युसनमध्ये भरलाय." ते स्वतः फर्ग्युसनचे, रँग्लर परांजपे प्राचार्य असतानाचे. जगात जे काही चांगलं ते तिथूनच निघालं, असं मानायची त्यांना खोडच होती. या बाबतीत मात्र ते फारसे चुकत नव्हते.

हे कॉलेज के.एल.ई. सोसायटीचं. ती संस्था 13 नोव्हेंबर 1916 ला बेळगावात सात तरुण शिक्षकांनी उभी केली. बसवनाळ, साखरे आणि त्यांचे पाच सोबती. इकडे त्यांना सप्तर्षी म्हणतात. बेळगावात तेव्हा शिक्षणात मराठीचा वरचष्मा होता. कन्नड मुलांना आपली शाळा हवी, या तळमळीतून हे सगळं निघालं. आणि वळण गिरवलं कुणाचं, तर पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं! आजीव सभासद व्हायचं, पोटापुरतं घ्यायचं, उमेद सगळी संस्थेला द्यायची. सीमाप्रश्नावर घसा फोडणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना ही गोष्ट सांगितली की दोघंही विषय बदलतात.

पुण्याची हकिकत आजोबा रंगवून सांगत. 1880 साली चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, एम.ए. होऊन आगरकर येऊन मिळाले, 1884 ला सोसायटी झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन. वीस वर्षं सेवा करायची आणि महिना पंचाहत्तर रुपये घ्यायचे, असा तिथला करार. "मुलांना व्याख्यान देऊन त्याग शिकवता येत नाही," आजोबा सांगत. "मास्तर काय घेतो ते मुलं बघतात." परांजपे 1899 ला केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे ते पहिले हिंदी. सरकारी नोकरीत कितीतरी पट पगार मिळाला असता. पण गडी 1902 ला त्याच पंचाहत्तरावर फर्ग्युसनचा प्राचार्य होऊन बसला. वर्गात गणिताचा तास चालला असला तरी मागच्या बाकावरच्या पोराला ही बेरीज-वजाबाकी ठाऊक असायची.

एक प्रकरण मात्र आजोबा भरभर उरकत, ते भांडणाचं. आजीव सभासदानं बाहेरची कामं करावीत की नाही, यावर टिळक कडक होते. संस्थेतल्याच तरुण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, तेव्हा वाद विकोपाला गेला आणि 1890 ला टिळकच संस्था सोडून गेले. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्यानं नियम सर्वांत ताणून धरला तो बाहेर पडला, आणि ज्याच्यावर बोट ठेवलं ते गोखले 1902 पर्यंत संस्थेत राहून महिना तीस रुपये निवृत्तिवेतनावर निवृत्त झाले. खरा कोण, खोटा कोण, हे आजोबांना कधीच ठरवता आलं नाही. टिळकांची तसबीर भिंतीवर होती आणि गोखल्यांचं चरित्र उशाशी.

आज्जीला असली अडचण नव्हती. ती आगरकरांची बाजू घ्यायची, म्हणजे खरं तर त्यांच्या पत्नी यशोदाबाईंची. दम्यानं पोखरलेले आगरकर 1895 च्या जूनमध्ये गेले, चाळिशीही गाठली नव्हती. आपल्या अंत्यविधीसाठी वीस रुपये त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. हे ऐकताना आजोबांचा आवाज भरून यायचा. आज्जी तांदूळ निवडत विचारायची, "आणि दुसऱ्या दिवशीच्या भाकरीची पुडी कुठं होती?" त्यावर घरात कुणाकडेच उत्तर नसायचं. मोठ्या माणसाच्या त्यागाचा हिशेब मांडताना त्याच्या चुलीसमोरची बाई वहीत येत नाही. चरित्रं वाचताना मी अजून ती ओळ शोधतो.

आजोबा इथल्या एका हायस्कुलात मास्तर होते. शिकवणीचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांनी पुण्याहून आणलेला नेम. गल्लीतली मुलं सकाळी सहाला कट्ट्यावर येऊन बसत, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी सगळी. त्यातले बरेच पुढं शिक्षक झाले. काहींनी तोच नेम पाळला, काहींनी गावातले सगळ्यात महाग क्लास काढले. नवलगुंदकडच्या एका शेतकऱ्यानं एकदा मुलाच्या फीबद्दल शेंगांचं पोतं आणलं. आजोबांनी दारातूनच परत पाठवलं. तो बिचारा परसदारी गेला. आज्जीनं पोतं उतरवून घेतलं, वर त्याला ताक पाजलं. महिनाभर आमच्याकडं शेंगाचटणी चालली. आजोबा रोज भाकरीबरोबर ती आवडीनं खात. शेंगा कुठल्या, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आज्जीनंही सांगितलं नाही.