अंगणात अक्रोड? बडोद्यात देशी बदाम लावा, पण भिंतीपासून लांब

अमेरिकेत मुलांकडे राहून आलेल्या अनेकांनी तिथल्या परसात काळ्या अक्रोडाचं मोठं झाड पाहिलेलं असतं. तसं आपल्या बडोद्यात, किंवा नवापूर-नंदुरबारकडे येईल का? नाही येणार. पूर्व अमेरिकेतल्या या झाडाच्या बीला रुजण्याआधी तीन-चार महिने ओलसर थंडी लागते. बडोद्यात जानेवारीच्या रात्रीही पारा साधारण १०-१२ अंशांवर थांबतो आणि मे महिन्यात ४० च्या पुढे जातो. आपण खातो तो काश्मिरी अक्रोड वेगळ्या जातीचा, पण त्यालाही डोंगरातलीच थंडी हवी. शिवाय काळ्या अक्रोडाच्या मुळांतून आणि पानांतून जग्लोन नावाचं द्रव्य जमिनीत उतरतं. जवळची टोमॅटो-वांगी त्याने कोमेजून जातात.

सावली हवी आणि फोडून खायला बी हवी, तर देशी बदाम बघा. फांद्या आडव्या, छत्रीवर छत्री ठेवल्यासारख्या. पानं गळण्याआधी लालभडक होतात. गर आंबट-गोड, आतली बी बारीक पण चवदार. फोडायला दगडच लागतो! फळांवर वटवाघळं मात्र येणारच.

खरी काळजी घ्यायची ती जागेची. बडोद्यात आणि तापीकाठी बऱ्याच ठिकाणी काळी चिकण माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मोठं झाड तिच्यातलं पाणी ओढतं, माती आणखी बसते आणि उथळ पायाच्या भिंतीला तडे जातात. म्हणून घर, कंपाउंड, पाण्याची टाकी आणि ड्रेनेज लाइन यांपासून किमान २० फूट सोडा. शेजाऱ्याची भिंतही मोजा, भांडणं तिथेच सुरू होतात.

पिकून पडलेलं ताजं फळ पिशवीत पेरा. महिना-दीड महिन्यात रुजतं. पहिला चांगला पाऊस झाला की दोन फूट खड्ड्यात शेणखत घालून रोप लावा. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.

‘नंतर तोडून टाकू’ या भरवशावर लावू नका. महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते; बडोद्यातही आधी महापालिकेत विचारा. रो-हाउसच्या दहा फुटी अंगणात कढीपत्ता नाहीतर लिंबूच बरा.